विहिरीजवळचा कढीपत्ता

तनुजाने मोसंबीचं एक पान खुडलं, मधल्या शिरेवर बरोबर दुमडलं आणि बन्सीच्या डोळ्यांसमोर धरलं.

"काका, बघा. या अंगाला पिवळा डाग वर आहे, त्या अंगाला खाली. जुळतात का?"

बन्सीने पान हातात घेतलं. उलटंसुलटं केलं. "नाय जुळत."

"जुळले असते तर जस्त कमी पडलं म्हणाले असते. जुळत नाहीत म्हणजे दुसरंच काहीतरी आहे."

"पन दुकानदार झिंक म्हनला. दोनदा मारलं झिंक. पाचोडचा एक पाव्हना आला, तो म्हनला डिंक्या हाय, खोडाला बोर्डो लावा. तेबी लावलं. आमचा गोकुळ मोबाइलवर फोटू बघून म्हनला, मुळं सडलीत. आता तुम्ही चवथंच सांगता. मानसानं ऐकायचं कुनाचं?"

तनुजा गावाची कृषी सहायक. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. तिने पिशवीतून एक कागद काढला. महिन्यापूर्वी तिने याच ओळीतल्या अकरा झाडांची पानं तपासणीला शहरात पाठवली होती.

"अकराही झाडांत ग्रीनिंग निघालंय. फळ खालून हिरवंच राहतं, एका बाजूनं वाकडं होतं, कडवट लागतं. तसं झालं होतं ना यंदा?"

झालं होतं. व्यापाऱ्याच्या माणसाने ती फळं बाजूला टाकली होती, आणि बन्सीला वाटलं होतं, पाणी कमी पडलं असेल. मग वाटलं होतं, पाणी जास्त झालं असेल.

"औषध काय मारायचं?"

"झाडाच्या आतल्या रोगाला औषध नाही, काका. तो पसरवणाऱ्या किडीला आहे. ती आजारी झाडाचा रस पिते आणि चांगल्या झाडावर जाऊन बसते. ही अकरा झाडं मुळासकट काढावी लागतील."

"काढा," बन्सी म्हणाला.

तो इतक्या लवकर हो म्हणेल असं तनुजाला वाटलं नव्हतं. तिने एक पांढरा कोरा कागद घेतला, फांदीखाली धरला आणि फांदीवर काठीने तीनदा ठोकलं. कागदावर तपकिरी ठिपके पडले. त्यातले दोन टुणकन उडाले.

"ही सायला, रोग पसरवणारी तीच कीड. डोकं खाली, बूड वर करून बसते, बघा. फवारणी कधी केली होती?"

"परवाच्याला. दर आठ दिवसाला मारतो. बेस्तरवार चुकवत नाय."

"दर आठ दिवसाला?" तनुजाने कागद झटकला. "मग तुमच्या बागेत ढालकिडा एकही राहिला नसेल. हिची पिल्लं तोच खातो."

बन्सीला कळेना, आपण नेमकं काय केलं. त्याला वाटलं होतं, एक काम तरी आपण न चुकता करतो आहोत.

"पण परवा फवारलंय, तर या आल्या कुठून?" असं म्हणत तनुजाने आजूबाजूला पाहिलं. विहिरीपलीकडे एक कढीपत्ता होता. माणसाच्या वर गेलेला, गच्च, शेंड्याशेंड्याला पोपटी फुटवा. त्याच्याभोवती विटांचं आळं आणि विटांबाहेर बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. तनुजा काट्यांवरून वाकली. कोवळ्या पानांवर पांढऱ्या बारीक धाग्यांची वेटोळी होती. शेवया कुस्करून टाकाव्यात तशी.

"काटे कशाला लावलेत?"

"शेळ्या खात्यात," बन्सी म्हणाला. गावात कढीपत्ता खाणारी शेळी त्यानेही पाहिली नव्हती.

"काका, इथंच आहे घर हिचं. कढीपत्ता मोसंबीच्याच कुळातला. तुम्ही तिकडं फवारता आणि चार दिवसांत ही इथून पुन्हा तिकडं जाते. हे झाडही काढा."

"ते नाय काढायचं."

"अकरा मोसंब्यांना लगेच हो म्हणालात, आणि एका कढीपत्त्यासाठी…"

"मॅडम, चहा घेता का?" बन्सी म्हणाला, आणि लगेच त्याला आठवेना की घरात दूध आहे का.

तनुजाने चहा नको म्हटलं. गाडीला किक मारता मारता म्हणाली, "शुक्रवारी जेसीबी येतोय. तोवर ठरवा. तुमची उरलेली सव्वादोनशे झाडं याच्यावर अवलंबून आहेत. आणि पलीकडच्या बागाही."

पैठणच्या अलीकडच्या त्या गावात बन्सीची बाग चांगली म्हणून ओळखली जायची, आणि अडतीस वर्षं बन्सीला वाटत होतं की बाग आपण सांभाळतो. मोटर चालू करायची, मोटर बंद करायची, पंप पाठीवर घेऊन फवारायचं. कुठे फवारायचं आणि कधी, ते त्याची बायको मनकर्णा सांगायची. सकाळी ती निळ्या काठाचं पांढरं तामचिनीचं ताट घेऊन बागेतून एक फेरी मारायची. फांद्यांवर ठोकायची, ताटात बघायची. मग चहाच्या वेळी म्हणायची, "खालच्या चार ओळी मारा. वर नगं." बन्सी खालच्या चार ओळी मारायचा. ताटात ती काय बघते, हे त्याने कधी वाकून पाहिलं नाही.

मागच्या वर्षी नाही, त्याच्या आदल्या वर्षी, पोळ्यानंतर चार दिवसांनी ती विहिरीच्या काठावर बसली ती उठलीच नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरने काहीतरी नाव सांगितलं. बन्सीने मान हलवली. ते नाव त्याच्या लक्षात राहिलं नाही, आणि पुन्हा विचारायची लाज वाटली.

त्यानंतर त्याला कुणी सांगेना, कुठे फवारायचं. म्हणून त्याने गुरुवार धरला. गुरुवार आला की सगळी बाग मारायची. बाकी दिवशी काय करायचं ते त्याला नीट कळत नसे. मोटर चालू करून तो घरी यायचा आणि आपण मोटर चालू केली का, हे बघायला परत जायचा. ते तामचिनीचं ताट त्याने मोटरीचे नट-बोल्ट ठेवायला घेतलं होतं.

कढीपत्ता तिच्या माहेरचा. अकरा-बारा वर्षांपूर्वी कन्नडहून येताना एसटीत मांडीवर ठेवून आणलेलं वीतभर रोप. विहिरीजवळ पाणी असून, शेणखत घालून ते कधी कमरेच्या वर गेलं नाही. कायम बोडकं. बन्सी जाता-येता म्हणायचा, "तुझ्या माहेरचं झाड काय वाढंना बघ." आणि मनकर्णा म्हणायची, "नको वाढू दे."

तेराव्याच्या दिवशी स्वयंपाकाला आलेल्या बायकांतली एक जण फोडणीसाठी त्या झाडाकडे गेली, तेव्हा बन्सी मांडवातून उठून ओरडला होता. "त्या झाडाला कुनी हात लावायचा नाय." ती बाई रिकाम्या हाताने मागे फिरली. त्यालाच आपला आवाज ओळखू आला नाही. पण त्या दिवसापासून कुणी हात लावला नाही, आणि झाड वाढू लागलं. दिवाळीपर्यंत छातीला आलं. पुढच्या पावसाळ्यात डोक्यावर गेलं. मनकर्णा गेली आणि तिचं झाड वाढलं. याचा अर्थ काय ते बन्सीला सांगता आलं नसतं. पण काहीतरी अर्थ असणार, असं त्याला वाटायचं. अंघोळ झाली की तो एक तांब्या पाणी तिथे ओतायचा आणि थोडा वेळ नुसता उभा राहायचा. दिवसभरात तेवढा वेळच त्याच्या डोक्यातला गोंधळ थांबायचा.

बुधवारी दुपारी त्याने गोकुळला फोन लावला. त्याचा हा मुलगा बायको दीपमालाबरोबर चिकलठाण्याला राहायचा; आता तो कारखान्यात होता. मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"अण्णा, मॅडम म्हणतेत तसं करा ना. इथं दीपमालानं गॅलरीत कुंडीत लावलाय कढीपत्ता. त्यातलं एक रोप आणून देतो."

"ते आईचं हाय."

"आईचं म्हणून सगळी बाग घालवायची का? आई असती तर तिनंच काढलं असतं."

"असती का?" बन्सीने विचारलं. तो खरंच विचारत होता. गोकुळला वाटलं, अण्णांना राग आला.

"तसं नव्हं अण्णा… जेवलात का?"

"व्हय," बन्सी म्हणाला. फोन ठेवल्यावर तो आठवू लागला, जेवलो का.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर त्याने गोठ्यातून कुऱ्हाड काढली. आई असती तर तिनेच काढलं असतं. असेलही. बागेतली आजारी फांदी दिसली की ती क्षणभर थांबत नसे, कात्री घेऊन यायची. मग झाडाचं काय? त्याने काट्यांचं कुंपण बाजूला ओढलं. हाताला दोन काटे लागले. खोडापाशी बसून त्याने बुंध्याला हात लावला. मनगटाएवढा झाला होता. एका घावाचं काम होतं, फार तर दोन.

"शेवटी कुऱ्हाड सापडलीच म्हना की तुम्हाला."

चतुराबाई बांधावर उभी होती. डोक्यावर गवताचा भारा, तोंडात सुपारी. पलीकडची बाग तिची. तिचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि मनकर्णाची आणि तिची एवढी मैत्री, की दोघींनी एकाच दुकानातून एकाच रंगाच्या चपला घेतल्या होत्या, मग कुणाची कुठली यावरून भांडण.

"मॅडम म्हनल्या, काढा," बन्सी म्हणाला.

"मॅडमनी आता सांगितलं. आम्हाला धा वर्सामागं सांगितलं होतं."

"कुनी?"

"अहो, शेतीशाळेत. मारुतीच्या पारावर भरायची ती. आम्ही तेरा बाया होतो. तुम्ही नव्हता का हसत, आमची बायको शाळेत चालली, पाटी आनू का म्हनून?"

बन्सी हसला होता. ते त्याला आठवलं. दर मंगळवारी मनकर्णा डोक्यावर पदर घेऊन, ते तामचिनीचं ताट घेऊन जायची. त्याला वाटायचं, तिथे खायला देत असतील.

चतुराबाईने भारा खाली टाकला आणि विटेवर बसली. "तिथल्या बाईंनी सांगितलं, ज्याच्या बांधावर कढीपत्ता आसंल त्यानं काढून टाका, मोसंबीची कीड त्याच्यावर वाढती. साळूबाईनं त्याच दिवशी उपटला. मनकर्णा उठली आन् बाईला विचारती काय, किडा जुन्या पानावर अंडी घालतो का? बाई म्हनल्या, नाय, कोवळ्यावरच घालतो. ही म्हनली, मग मी कोवळं ठेवतच नाय. बाई हसाय लागल्या. पन ही बसली नाय खाली. म्हनली, झाड माझ्या आईनं दिलंय, माझी आई आता नाय."

बन्सीने हातात रुतलेला काटा ओढून काढला.

"दर सोमवारी सांजच्याला शेंडा आन् शेंडा खुडायची. एक कोंब ठेवत नव्हती. आख्ख्या आळीला जुड्या वाटायची. आठ वर्सं आम्ही बाजारातून कढीपत्ता आनला नाय. तुम्हाला काय वाटलं, झाड बोडकं कशानं ऱ्हायलं?"

"मला वाटलं, जातच तसली."

"जात!" चतुराबाईने सुपारी थुंकली. "वाढू नये म्हनून राबत होती ती."

नको वाढू दे. बन्सीने कुऱ्हाड खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. तिचं काय करावं ते त्याला समजेना.

"मला का नाय सांगितलं तिनं?"

"तुम्हाला?" चतुराबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "भावजी, तिचा शेवगा आठवतो का? मोटरीच्या वायरला लागतो म्हनून तुम्ही न विचारता तोडला. शेंगा लागलेला. ती बाजारातून आली तवा चुलीपुढं सरपन होतं. कढीपत्त्याचं तुम्हाला सांगितलं असतं तर रात पडायच्या आत तोबी चुलीत गेला असता. ती म्हनायची, आमच्या मालकाला पंप कळतो, कुऱ्हाड कळती. मधलं कळत नाय."

हे ऐकून बन्सीला हसू आलं. दीड वर्षात पहिल्यांदा तिचं एखादं नवं वाक्य त्याला मिळालं होतं. मग ते हसू कुठेतरी मध्येच अडकलं.

"आन् मी वरडलो तवा?" तो म्हणाला. "तेराव्याला. तुम्ही तिथंच होता, वहिनी. तुम्हाला ठावं होतं. तुम्ही बोलला का नाय?"

चतुराबाईने भाऱ्यातली एक काडी ओढली आणि तिचे तुकडे करत बसली.

"तेराव्याच्या मांडवात मानूस वरडतंय. कोन त्याला सांगनार, खुडू द्या म्हनून? म्हनलं, चार दिस जाऊ द्या, निवळतील. मग एका सोमवारी आलते. तुम्ही काटे लावीत होता. हातातून रगत येत होतं आन् तुम्हाला ध्यानातबी नव्हतं. मी तशीच मागं फिरले." ती उठली. "माझीबी बाग हाय की पलीकडं. चूक तुमची एकट्याची नाय."

बन्सीने भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला. ती गेल्यावर अंधार पडेपर्यंत तो तिथेच बसून होता. एकच गोष्ट त्याच्या मनात फिरत होती. हात लावू नका, असं आपण तिच्यासाठी म्हणालो. काटे लावले, विटा लावल्या, रोज पाणी घातलं. आणि ती आठ वर्षं जे होऊ देत नव्हती, तेच आपण तांब्या तांब्याने वाढवत होतो.

शुक्रवारी जेसीबी आला. तनुजाने सांगितल्याप्रमाणे बन्सीने आदल्या दिवशी ती एकच ओळ फवारली होती. नाहीतर झाड हललं की किडी उडून शेजारच्या झाडावर बसतात. गुरुवारी बाकीची बाग न मारता तो परत आला, तेव्हा त्याला दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं.

अकरा झाडं काढायला दीड तास लागला. चौदा वर्षांची झाडं. मनकर्णाने कलमं धरली होती आणि बन्सीने माती लोटली होती. प्रत्येक झाड उचललं जाताना मुळं तुटल्याचा आवाज यायचा, आणि बन्सी दर वेळी एक पाऊल मागे सरकायचा.

जेसीबी थांबल्यावर तनुजा विहिरीकडे वळली. काट्यांचं कुंपण नव्हतं. झाड होतं.

"काका, नाही काढलंत?"

बन्सीने तिला सगळं सांगितलं. त्याला नीट सांगता येत नव्हतं. शेवगा आधी आला, मग शेतीशाळा, मग पुन्हा एसटी, आणि शेवटी, आता दर सोमवारी शेंडे आपण खुडणार. तनुजाने मध्ये तोडलं नाही.

"माझ्या वहीत मला 'काढून टाकावे' असंच लिहावं लागेल," ती शेवटी म्हणाली.

"लिहा."

"आणि एखाद्या सोमवारी तुम्हाला ताप आला तर? गावाला गेलात तर? दोन आठवडे चुकलं की संपलं."

"आठ वर्सांत तिला कधी ताप आला नसंल का?"

"तवा मी खुडायचे," बांधावरून चतुराबाई म्हणाली. जेसीबी बघायला ती सकाळपासून तिथेच होती.

तनुजाने दोघांकडे पाहिलं. वही बंद केली. "मी दर महिन्याला येऊन बघणार. पिल्लं दिसली तर मी ऐकणार नाही. आणि काका, उरलेल्या झाडांपैकी कितींच्या आत रोग गेलाय, हे आज मलाही सांगता येणार नाही. दोन वर्षंही लागतात दिसायला."

"म्हंजे हे करून काय उपेग व्हईल का नाय, ते कळनार नाय."

"आज नाही कळणार."

बन्सीने मान हलवली. हे त्याला समजलं. गेलं दीड वर्ष त्याचं तसंच चाललं होतं. तो घरात गेला, ताटातले नट-बोल्ट एका डब्यात ओतले, ताट राखेने घासलं आणि घेऊन आला. तेलाचा एक डाग काही निघाला नव्हता.

"किती पडल्या म्हंजे लई समजायचं, तेवढं दाखवा," तो म्हणाला.

तनुजाने फांदीवर ठोकून दाखवलं. त्याने ताट डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं. आधी काही दिसेना. मग एक ठिपका चालू लागला.

सोमवारी उतरत्या उन्हात त्याने निंबोळी अर्क मारून ठेवलेल्या कढीपत्त्याची खुडणी सुरू केली. वरचे शेंडे स्टुलावर चढून छाटले, मग सगळं झाडच छाटून कमरेपर्यंत खाली आणलं. पहिल्या खेपेची पानं वाटायची नव्हती. किडीसकट पोत्यात भरून तोंड बांधायचं आणि जाळून टाकायची. जेसीबीने केलेल्या एका खड्ड्यात त्याने पोतं टाकलं आणि पेटवलं. ओल्या पानांचा धूर वर आला, आणि बागेत, बांधावर, थेट रस्त्यापर्यंत फोडणीचा वास पसरला. बन्सी खड्ड्यापासून लांब जाऊन उभा राहिला. वास तिथेही आला.

त्यानंतर दर सोमवार. चौथ्या सोमवारी शेंडे स्वच्छ निघाले. त्याने ताटात ठोकून पाहिलं, दोनदा. मग पानांच्या जुड्या बांधल्या. दोरा कसा गुंडाळायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. दोन जुड्या हातातच सुटल्या. टोपी घालून तो आळीत गेला. दारादारात थांबून काय म्हणायचं, हेही त्याला ठाऊक नव्हतं. साळूबाईच्या दारात तो नुसता जुडी पुढे करून उभा राहिला. तिने जुडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी ती घेतली. चतुराबाई म्हणाली, "जुडी हाय का गवताचा पेंडा, भावजी? ती बारीक बांधायची."

"पुढच्या येळेला बांधतो," बन्सी म्हणाला.

परत आला तेव्हा विहिरीवर अजून उजेड होता. अकरा खड्डे मातीने बुजवले होते, पण ओळ मोकळी दिसत होती. कढीपत्ता कमरेएवढा उरला होता. एकही शेंडा नाही, खाली जुनी काळपट पानं, वर नुसत्या काड्या. अगदी पूर्वीसारखा बोडका.

बन्सी जाता जाता थांबला.

"तुझ्या माहेरचं झाड काय वाढंना बघ," तो म्हणाला.

पलीकडच्या शेतात कुणाची तरी मोटर चालू होती. मग विटेवर ठेवलेलं ताट त्याने उचललं, सदऱ्याच्या कडेला पुसलं आणि घराकडे निघाला.